कंपनीचा माणूस येईल तेव्हा येईल

राम राम मंडळी! वावरात असाल, फाट्यावर एसटीची वाट पाहत असाल, जिथं असाल तिथून ऐका. मी काही भाषणवाला माणूस नाही बाप्पा, आयटीआय केलेला वायरमन आहे, पर्यावरणावर बोला म्हणाले तर मी सोलर पंपावरच बोलतो, मला तेच येते.

हरभऱ्याच्या ओलिताले लाइन यायची रात्री, हे तुम्हाला सांगायला नको. थंडीत बॅटरी घेऊन जायचं, दांडात पाय ठेवताना साप आहे का पाइप तेही दिसत नाही, वर रानडुकराची भीती. आता मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत 10 टक्के पैसे भरले, अनुसूचित जाती-जमातीच्या कास्तकाराले तर 5 टक्केच, की दिवसा पाणी. झोप मिळते माणसाला, मला तर हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

पण आमचा पंप ऐन घाटे भरायच्या वेळी बंद पडला. फोन लावला, तक्रार नंबर मिळाला, माणूस काही मिळाला नाही. आज येतो, उद्या येतो करत बरेच दिवस गेले, बाबा रोज बांधावर जाऊन पॅनलकडं पाहून यायचे जसं काही पाहिल्यानं चालू होईल. शेवटी माणूस आला तर निघालं काय, उंदरानं वायर कुरतडलेली! दहा मिनिटांचं काम. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी पंप बसवून देणाऱ्या कंपनीचीच असते हे खरं, पण हरभरा थांबते का पाच वर्षं?

तेव्हाच ठरवलं की हे काम शिकायचं. सूर्यमित्र म्हणून सरकारी ट्रेनिंग 2015 पासून निघालं, 600 तासांचं, आयटीआयवाल्या पोट्ट्यांसाठी. पोट्टे पुण्याला जाऊन दहा-बारा हजारात राबतात, त्यातली अर्धी खोलीभाड्यात जाते, आणि इथं पंचक्रोशीत एवढे पंप बसले, पाहायला कोणी नाही. पोट्ट्यांनो, विचार करा.

आता ज्यांच्याकडं पंप आहे त्यांनी ऐका. पॅनलवर ऊन आहे तोवर वायरीत करंट आहे, स्टार्टर बंद केला म्हणजे लाइन मेली असं समजून हात लावू नका! पॅनल धुवायचे तर सकाळी लवकर, दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकलं तर काच तडकू शकते. आणि मे महिन्यात ऊन एवढं तरी पाणी कमी काहून येते म्हणून मला फोन येतात, तर भाऊ पॅनलला उजेड पाहिजे, गरमी नाही, 25 डिग्रीच्या वर जसं जसं पॅनल तापते तसं तसं व्होल्टेज घटते आणि पॉवर कमी होते, आणि आपल्याकडं तर हवाच 45 वर जाते. बिघाड नाही तो.

आमच्या बचत गटाच्या बायांनी ई-ऑटो घेतला, बाजाराच्या दिवशी भाजी नेते, पोरी शाळेत नेते. धूर नाही म्हणून लोक खूश. मी त्यांना चिडवतो की मावशी, लाइट तर चंद्रपूरच्या कोळशाचीच येते, धूर तिकडं निघते! मावशी म्हणते, मंग लाव ना आमच्या छपरावर पॅनल. बोलती बंद.

गावानं मनावर घेतलं तर काय होते ते गडचिरोलीकडच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं दाखवलंच आहे, 2009 ला साधारण 1800 हेक्टर जंगलावर हक्क मिळवला आणि मग बांबू ग्रामसभेनंच विकला. आमच्या ग्रामसभेत मी एवढंच मागितलं, पंचायतीची रिकामी खोली द्या, दुरुस्तीचं दुकान टाकतो, दोन पोट्टे हाताखाली घेतो. खोलीत सध्या जुन्या खुर्च्या आन एक तुटका फवारणी पंप आहे. किल्ली कोणाकडं आहे ते शोधणं चालू आहे.