मीक : मित्र आणि पाहुणा

(एका व्याख्यानाचे संपादित लेखी रूप)

अध्यक्ष महोदय आणि रसिक श्रोतेहो,

कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘अल्बेनियन भाषेने अल्बेनियन माणसांना एकत्र कसे ठेवले’ असा छापला आहे, आणि त्या विषयाकडे मी येणारच आहे. मात्र त्याआधी काही प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही, कारण गेली अनेक वर्षे मी ज्या ज्या सभागृहात अल्बेनियाचे नाव घेतले, त्या त्या ठिकाणी हेच प्रश्न त्याच क्रमाने समोर आले आहेत. हे लोक मूळचे कोण, ग्रीक की स्लाव की तुर्क? त्यांचा धर्म कोणता? त्यांच्यात लग्ने कशी जमतात? आणि खुनाचा बदला खुनाने घेण्याची चाल तिकडे अजून आहे का? या प्रश्नांत वाईट काही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की एखाद्या समाजाच्या घरात शिरायचे असेल, तर त्याच्या नात्यांच्या शब्दांतून शिरावे.

त्या वाटेने शिरताना मराठी माणसाला फारसे अडखळावे लागत नाही. इंग्रजी शिकताना मामा आणि काका एकाच शब्दात कोंबावे लागतात आणि मावशी-आत्या यांचीही तीच गत होते. अल्बेनियनमध्ये मामाला ‘दाय’ म्हणतात, काकाला ‘जाजा’, मावशीला ‘तेझे’ आणि आत्याला ‘हाल’. यातले काही शब्द तुर्कीतून आलेले आहेत, पण ते तिथे टिकले, कारण आईकडचे आणि वडिलांकडचे असा भेद त्या घरांना रोज लागत होता. नवरी आणि सून या दोघींना मात्र एकच शब्द आहे, ‘नूसे’, आणि नवरदेव व जावई या दोघांनाही एकच. मुलगी लग्न करून येते ती एका पुरुषाची बायको होण्याआधी एका घराची सून होते, हे त्या शब्दात उघड दिसते.

लग्नाच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात ‘फिस’ म्हणजे बापाकडून मोजले जाणारे कूळ, आणि एकाच फिसमध्ये लग्न होत नसे, मग ते नाते कितीही पिढ्या मागे गेलेले असो. सगोत्र विवाहाचा निषेध ज्यांनी घरात ऐकला आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुलीची मागणी मध्यस्थामार्फत येई. याहून मला विलक्षण वाटते ती ‘कुंबार’ची चाल. लहान मुलाचे पहिले केस जो कापतो, तो त्या घराचा कुंबार होतो, आणि त्या क्षणापासून दोन्ही घरे एकमेकांची आप्त मानली जातात, इतकी की त्यांच्यात पुढे सोयरीकही होत नाही. आपल्याकडे जावळ काढताना मामाच्या मांडीवर मूल बसते, म्हणजे असलेले नाते तिथे पुन्हा उजळले जाते. तिकडे कात्रीच्या एका फटकाऱ्याने नवे नाते जन्माला येते. आज राजधानी तिरानात राहणारे तरुण आपला जोडीदार स्वतः निवडतात, कित्येक इटली, ग्रीस, जर्मनीत नोकरीला आहेत, आणि त्यांच्या ओळखी संध्याकाळच्या ‘जीरो’मध्ये, म्हणजे गावाच्या मुख्य रस्त्यावरच्या सामुदायिक फेरफटक्यात किंवा कॉफीच्या टेबलावर होतात. नात्यांचे शब्द मात्र तेच राहिले आहेत.

क्रुया या गावी मी गेले होते, ती गोष्ट आता सांगते. पंधराव्या शतकात स्कंदरबेग या अल्बेनियन सरदाराने याच गडावरून पंचवीस वर्षे ऑटोमन सैन्याशी झुंज दिली. गडाच्या पायथ्याशी जुना लाकडी बाजार आहे, आणि त्यात ‘चेलेशे’ नावाच्या पांढऱ्या टोप्या करणारे कारागीर बसतात. ही टोपी विणलेली किंवा शिवलेली नसते. पिंजलेली लोकर ओली करून, साबणाच्या पाण्यात हातांनी चोळून चोळून तिचा नमदा करतात आणि मग तो लाकडी साच्यावर चढवतात. मी पाहिलेल्या कारागिराची बोटे पांढरी पडून सुरकुतली होती, आणि लोकर त्यांच्याखाली हळूहळू घट्ट होत होती. शेजारच्या वडीकडे बोट दाखवून मी विचारले, हे काय? ‘सापुन’, तो म्हणाला. आपला साबण! वाटा वेगळ्या, मूळ एकच. मग मी दुकानाकडे बोट केले, तर तो ‘द्युचान’; पडद्याकडे केले, तर तो ‘पेर्दे’. फारसी आणि तुर्कीच्या काफिल्यांनी जे शब्द आपल्याला दिले, तेच पश्चिमेकडे तिथवर नेले.

त्याने कॉफी हवी का असे विचारले आणि मी आपल्या सवयीने मान डावी-उजवीकडे डोलावली. अल्बेनियात जुन्या पिढीची माणसे ‘पो’, म्हणजे हो, म्हणताना मान अशीच हलवतात आणि ‘यो’, म्हणजे नाही, म्हणताना ती वर उडवतात. माझ्या बरोबरच्या युरोपीय प्रवाशांचा तिथे दिवसभर गोंधळ चालला होता. मला कॉफी ताबडतोब मिळाली. पैसे देऊ लागले तेव्हा त्याने तळहात छातीवर ठेवला आणि एकच शब्द उच्चारला, ‘मीक’.

लॅटिनमधल्या ‘अमीकुस’पासून आलेला हा शब्द. अल्बेनियनमध्ये त्याचा अर्थ मित्र असाही होतो आणि पाहुणा असाही. आपल्या खेड्यांत ‘पाव्हणं’ हा शब्द ओळखीच्या, अनोळखी आणि सोयऱ्याधायऱ्या अशा सगळ्यांसाठी चालतो, त्याच्या अगदी जवळचा हा शब्द आहे. लेके दुकाज्यिनी या पंधराव्या शतकातल्या सरदाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कानूनमध्ये, आणि ‘कायदेकानून’मधला आपला कानूनही तोच शब्द, या पाहुण्यावर मोठा भाग आहे. शतकानुशतके तोंडी चालत आलेले हे डोंगरी नियम श्त्येफेन ज्येचोवी या फ्रान्सिस्कन पाद्र्याने गावोगाव फिरून टिपले, १९२९ मध्ये त्याची हत्या झाली, आणि ते संकलन १९३३ मध्ये श्कोदर येथे छापले गेले. त्यानुसार अल्बेनियन माणसाचे घर देवाचे आणि पाहुण्याचे असते. हे ऐकले की आपल्याकडे कोणीतरी ‘अतिथी देवो भव’ म्हणते आणि विषय मिटतो. तो तिथे मिटू नये, कारण कानूनने त्या वाक्यामागे जबाबदारीचा डोंगर उभा केला आहे. पाहुणा तुमच्या आश्रयात असताना मारला गेला, तर ते वैर तुमचे होते. बापाचा किंवा भावाचा खून माफ करता येतो. पाहुण्याचा करता येत नाही. पाहुण्याच्या अपमानाची भरपाई न करणाऱ्या यजमानाला बैठकीत पेला किंवा भाकरी द्यायची ती गुडघ्याखालून, म्हणजे त्याची मान चारचौघांत रोज खाली गेली पाहिजे.

हा दिलेला शब्द, हा पाळायचा विश्वास म्हणजे ‘बेसा’. त्याची परीक्षा १९४३ मध्ये झाली. सर्बियातल्या नोवी साद या शहरातले मोशे मांदिल हे ज्यू छायाचित्रकार पत्नी आणि दोन मुलांसह पळत पळत अल्बेनियात आले होते आणि तिरानातल्या एका फोटो स्टुडिओत काम करत होते. तिथे रेफिक वेसेली नावाचा किशोरवयीन मुस्लिम मुलगा शिकाऊ होता. तोवर अल्बेनियावर ताबा असलेल्या इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मन सैन्य तिरानात शिरले, तेव्हा या मुलाने आईवडिलांना विचारून मांदिल कुटुंबाला खेचरांवरून, रात्रीच्या अंधारात, डोंगरवाटांनी आपल्या घरी नेले. ते घर क्रुयात होते. मोठी माणसे गोठ्यावरच्या लहानशा खोलीत लपून राहिली. मुले मात्र गावातल्या मुस्लिम मुलांत मिसळून अंगणात खेळत राहिली. अंगणात रोज खेळणारी ती नवी मुले शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटली असतील, असे मला वाटत नाही. म्हणजे एका घराने दिलेला शब्द सगळ्या वस्तीने पाळला. १९४४ च्या नोव्हेंबरात देश मुक्त होईपर्यंत हे चालले. युद्ध संपल्यावर मांदिल नोवी सादला परतले आणि त्यांनी रेफिकला बोलावून घेतले. अर्धवट राहिलेले छायाचित्रणाचे शिक्षण त्याने त्यांच्याच घरी राहून पूर्ण केले. कालचा यजमान आज पाहुणा झाला, आणि मीक हा शब्द दोन्ही बाजूंना तसाच लागू पडला. १९८७ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेने रेफिक आणि त्याच्या आईवडिलांचा गौरव केला. हा मान मिळवणारे ते पहिले अल्बेनियन होते. युद्धापूर्वी अल्बेनियात सुमारे २०० ज्यू होते. युद्ध संपले तेव्हा ही संख्या कमी होण्याऐवजी वाढलेली होती. शेजारच्या, अल्बेनियन वस्तीच्या कोसोव्होत मात्र १९४४ मध्ये अनेक ज्यू पकडले जाऊन छावण्यांत पाठवले गेले, हेही त्याच इतिहासात आहे आणि ते वगळून ही गोष्ट सांगू नये.

ज्या कानूनने पाहुण्याला एवढे जपले, त्यानेच रक्ताच्या वैरालाही नियम घालून दिले. ‘ज्याकमार्य’ म्हणजे रक्त घेणे. थेथ या डोंगरी गावात दगडी, अरुंद खिडक्यांचा एक बुरूज अजून उभा आहे, त्यात वैराच्या भीतीने पुरुष कोंडून घेऊन राहत. साम्यवादी राजवटीने ही प्रथा दडपली, आणि १९९१ नंतर ती उत्तरेत काही कुटुंबांत पुन्हा डोके वर काढू लागली. तरीही बहुसंख्य अल्बेनियन माणसांच्या रोजच्या जगण्यात तिला जागा नाही. स्त्रीविषयी कानून कठोर आहे. ओझे वाहण्यासाठी असलेली चामड्याची पखाल, असे तो तिला म्हणतो. घरात पुरुष उरला नाही किंवा ठरवलेले लग्न नको असले, तर आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेऊन, पुरुषी पोशाख करून, पुरुषाचे अधिकार मिळवणाऱ्या ‘बुर्नेशा’ तिथे होत्या. आज त्यांतल्या मोजक्या वृद्धा उरल्या आहेत. कोणी त्यांच्यात स्वातंत्र्य पाहते. मला त्यांच्यात प्रथम किंमत दिसते : पुरुषाएवढा मान हवा, तर संसार सोडावा लागे.

आणि भारतीयांनी विसरू नये असे एक नाव. २६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोप्ये येथे एका अल्बेनियन कुटुंबात आन्येझे गोंजे बोयाजिऊ या मुलीचा जन्म झाला. गोंजे म्हणजे कळी. आपण त्यांना मदर तेरेसा म्हणून ओळखतो आणि १९८० मध्ये आपण त्यांना भारतरत्न दिले. त्यांची आई आणि बहीण तिरानात होत्या, आणि साम्यवादी हुकूमशहा एन्व्हेर होजाच्या बंदिस्त राजवटीने मायलेकींची भेट होऊ दिली नाही. आई १९७२ मध्ये गेली, बहीण त्यानंतरच्या वर्षी. तेरेसांना त्या देशात पाऊल ठेवता आले ते १९८९ मध्ये. आज तिरानाचा विमानतळ त्यांच्या नावाचा आहे. ‘युगोस्लाव्ह जोगीण’ असा त्यांचा उल्लेख मी आपल्याकडे अनेकदा वाचला आहे, आणि तो वाचताना प्रत्येक वेळी मला मनापासून वाईट वाटते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यासमोर आली आहे, तेव्हा भाषेविषयी थोडक्यात सांगते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर भाषेतच आहे. १८५४ मध्ये फ्रान्झ बॉप या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने अल्बेनियन ही, संस्कृत-मराठीसारखीच, इंडो-युरोपीय कुटुंबातली भाषा असल्याचे सिद्ध केले. ती ग्रीकची, स्लाव भाषांची किंवा तुर्कीची पोटभाषा नाही; त्या मोठ्या कुटुंबातली ती स्वतंत्र शाखा आहे. आपले दार तिथे ‘देर’ आहे, संस्कृतातला सर्प ‘ज्यार्पर’ आहे, तीनला ‘त्रे’ म्हणतात. ‘मोतर’ हा शब्द मात्र मातेच्या मुळापासून निघून बहिणीवर जाऊन स्थिरावला आहे. डोंगर ‘माल’, आणि तो ठरावीक डोंगर ‘माली’. निश्चितता दाखवणारा प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतो. श्कुम्बिन नदीच्या उत्तरेला घेग बोली, दक्षिणेला तोस्क.

धर्माचे उत्तर असे की मुस्लिम, बेक्ताशी या सूफी पंथाचे लोक, ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक हे सगळेच अल्बेनियन आहेत, आणि १९६७ मध्ये राजवटीने सगळेच धर्म बंद केले होते. म्हणून लोकांना बांधणारा धागा धर्म होऊ शकत नव्हता. लिपीसुद्धा एक नव्हती : कोणी लॅटिन, कोणी ग्रीक, तर कोणी अरबी अक्षरांत लिहीत असे. ज्योन बुझुकूचे पहिले छापील पुस्तक १५५५ चे, पण लिपीचा निर्णय व्हायला १९०८ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. मनास्तिर, म्हणजे आजचे बितोला, येथे वेगवेगळ्या धर्मांची माणसे आठवडाभर एकत्र बसली आणि लॅटिनवर आधारलेल्या दोन वर्णमाला त्यांनी मान्य केल्या. त्यांतली ३६ अक्षरांची पूर्ण लॅटिन वर्णमाला टिकली. चार वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९१२ रोजी, व्लोर येथे स्वातंत्र्य जाहीर झाले. आधी अक्षरे ठरली, मग देश झाला. प्रमाण लेखन १९७२ मध्ये ठरले, तेही तोस्कच्या पायावर, आणि त्याबद्दल उत्तरेकडच्यांची नाराजी आजही आहे. २०२३ च्या जनगणनेत अल्बेनियात सुमारे २४ लाख लोक मोजले गेले. आपल्या एकट्या नागपूर शहरात २०११ साली जवळपास तेवढेच होते. तरी कोसोव्होत, उत्तर मॅसिडोनियात आणि पाच शतकांपूर्वी इटलीत उतरलेल्या आर्बरेश वस्त्यांतही ही भाषा बोलली जाते.

ते स्वतःच्या भाषेला ‘श्चिप’ म्हणतात. लोक त्याचा संबंध गरुडाशी जोडतात, कारण गरुडाला ‘श्चिपोन्य’ म्हणतात. अनेक अभ्यासक मात्र तो ‘स्पष्ट बोलणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी लावतात. मला दुसरे अधिक पटते, कारण एखादे पोर सांगितलेले ऐकत नसेल, तर तिथली आई म्हणते, ‘आ मेर वेश श्चिप?’ अल्बेनियन कळते ना तुला? आणि आपल्या घरी अशा वेळी आई विचारते, ‘मराठीत सांगितलेलं कळत नाही का?’