परातीवरचं नाव

(पुनर्विकासाला निघालेल्या पुण्यातल्या एका सोसायटीच्या रहिवाशांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, तुमच्या हातात सोसायटीचं पत्र येऊन महिना झाला. भाड्याचं घर बघून झालं असेल, टेम्पोवाल्याशी बोलणंही झालं असेल, पण माळा अजून उघडलेला नसेल. चार वर्षांपूर्वी आमच्याकडेही हेच चाललं होतं. कोथरूडमधलं आईचं घर, तिथला चाळीस वर्षांचा संसार, आणि रिकामं करायला तीन महिने. मी खोकी आणली, चिकटपट्टी आणली, यादी केली. पहिले पंधरा दिवस त्या खोक्यांत काहीही गेलं नाही.

त्या तीन महिन्यांत मला जे कळलं तेवढंच सांगायला मी आले आहे. आवराआवर अडते ती कुठल्या तरी राहून गेलेल्या बोलण्यापाशी. ते बोलणं झालं की वस्तू हलते.

आईच्या माळ्यावर गोणपाटात बांधलेली भांडी होती. पितळी गंज, पातेली, दोन कळश्या, डबे, एक मोठी परात आणि आहेरात आलेली स्टीलची ताटं. पितळेची कल्हई उडालेली, आतून हिरवट झालेली. बहुतेकांवर नावं घातलेली. कुणाची मावशी, कुणाचे मामा, 'सप्रेम भेट' आणि तारीख. मी म्हटलं, "आई, कल्हईवाला आता दारावर येत नाही, ही भांडी कुणी वापरत नाही, मोडीत देऊन टाकू." ती म्हणाली, "राहू दे." दुसऱ्या दिवशी "राहू दे", तिसऱ्या दिवशीही तेच. माझा आवाज चढला. मला वाटलं, म्हातारपणी जीव वस्तूंत अडकतो म्हणतात तो असा.

चौथ्या दिवशी ती परात पुढ्यात घेऊन बसली आणि चिंचेने घासायला लागली. घासता घासता बोलायला लागली. १२ जुलै १९६१. आईच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, घर नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे खडकवासलाही टिकलं नाही, आणि पाणी पेठांत शिरलं. हे लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. पाणी ओसरल्यावर परत आले तेव्हा भिंती होत्या, आत गुडघाभर गाळ होता आणि लग्नातलं एकही भांडं नव्हतं. आठवड्याभराने दोन गल्ल्या पलीकडच्या एक बाई ही परात काखेत मारून घरं विचारत आल्या. गाळ उपसताना त्यांना सापडली होती. वर माझ्या आजोबांचं नाव होतं.

"नाव होतं म्हणून परत आली गं," आई म्हणाली.

साठ वर्षं ही बाई नाव घातलेलं एकही भांडं का सोडत नव्हती, ते मला त्या क्षणी कळलं. तिच्या लेखी नाव असलेली वस्तू हरवत नाही, आणि ती आपण होऊन टाकली तर ते नावच टाकल्यासारखं होतं. मी इतकी वर्षं त्या घरात वाढले, पानशेतच्या गोष्टी ऐकल्या, पण परातीची ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

हातातली वस्तू सोडणं मुळात माणसाला जड जातं. काहनेमन, नेच आणि थेलर या तीन संशोधकांनी केलेले प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. कॉर्नेल विद्यापीठातल्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या हातात त्यांनी साधे कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितले. ज्यांच्याकडे मग होता ते मागत होते त्याच्या निम्मीच किंमत घेणारे द्यायला तयार होते. तो मग हातात येऊन किती वेळ झाला होता? थोडासाच! आपण तर पन्नास वर्षांच्या कळशीबद्दल बोलतोय.

आणि ज्यांनी टंचाई पाहिली आहे त्यांचं तर विचारूच नका. इथे कुणी १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी खाऊन, सुकडीवर दिवस काढून मोठं झालेलं असेल, तर त्यांच्या घरी तेलाचे रिकामे डबे आणि धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असणारच. 'लागेल कधीतरी' हे त्यांनी अनुभवातून शिकलेलं वाक्य आहे. त्यांना कंजूष म्हणू नका, फार लागतं ते.

आणखी एक कळकळीची विनंती. त्यांच्या पाठीमागे काही टाकू नका. आई गावाला गेली असताना माझ्या भावाने एकदा तिची जुनी मासिकं रद्दीत घातली. तिने भांडण केलं नाही, फक्त तेव्हापासून ट्रंकेला कुलूप लावलं. ते कुलूप काढायला आम्हाला अकरा वर्षं लागली.

मग भांड्यांचं काय केलं? आई आणि मी फोन घेऊन बसलो. ज्यांची नावं होती ते बहुतेक गेलेले, पण त्यांची मुलं-सुना आहेत. "तुमच्या सासूबाईंनी भेट दिलेला गंज माझ्याकडे आहे, हवा का तुम्हाला?" काहींनी सांगितलं, "काकू, खुशाल मोडीत द्या, तुम्ही इतकी वर्षं जपलंत हेच खूप झालं." एक गृहस्थ मात्र चिंचवडहून दोन बस बदलून आले. स्वतःच्या आईच्या हाताचं काहीच उरलं नव्हतं त्यांच्याकडे. डबा मांडीवर घेऊन त्या नावावरून बोट फिरवत राहिले, चहा निवून गेला. तेवीस भांड्यांपैकी चार भांडी त्या त्या घरच्या माणसांनी नेली, बाकीची बहुतेक रविवार पेठेत मोडीत गेली. तराजूवर घालताना आई शांत उभी होती. ज्यांना विचारायचं त्यांना विचारून झालं होतं.

माझी स्वतःची गाठ वेगळीच होती. वडिलांचा खाकी बुशशर्ट. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि कपाट आवरायची वेळ आली की मी ते दार सोडून पुढे जात असे. ते गेले तेव्हा मी तिकडे परदेशी होते, पोहोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शर्ट ठेवला म्हणजे निरोप घ्यायचा अजून बाकी आहे असं मला वाटत राही. शेवटी एका दुपारी तो मांडीवर घेऊन त्यांच्याशी जे बोलायचं होतं ते मोठ्याने बोलले. आई स्वयंपाकघरात होती, तिने ऐकलं असणार, पण काही विचारलं नाही. आता त्या शर्टाचा तुकडा गोधडीत आहे.

शाळेच्या वह्या, जुनी बिलं, लग्नपत्रिका यांत वेळ घालवू नका. त्यात गाठी फारशा नसतात. कपडे धुऊन, भांडी कोरडी करून बाजूला ठेवा. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेच्या बायका १९९३ पासून या शहराचा कचरा हाताने वेगळा करत आल्या आहेत, त्यांच्या हातात ओलं-सुकं एकत्र देऊ नका.

एक मात्र ओळखून असा. घरात चालायला वाट उरली नसेल, मोरीत, शेगडीजवळ सामान रचलेलं असेल आणि एक कागद हलवला तरी माणूस घाबराघुबरा होत असेल, तर तो आजार असू शकतो. २०१३ पासून मानसोपचाराच्या ग्रंथात त्याची स्वतंत्र नोंद आहे. तिथे खोकी घेऊन जाऊ नका, त्या माणसाला डॉक्टरांकडे घेऊन जा.

परातीचं काय झालं, असं मघाशी समोरच्या ताईंनी विचारलं. ती आईने ठेवली. नव्या घरात माळा नाही, म्हणून ओट्यावरच असते आणि रोजची कणीक तिच्यातच मळली जाते. परवा माझ्या भाचीने त्या नावावर बोट ठेवून विचारलं, "आजी, हे कोण?" आई कणकेचे हात न धुताच तिच्याशेजारी बसली आणि नारायण पेठेपासून सांगायला लागली.