आग होते, पण लाली दिसत नाही

नमस्कार. बचत गटाच्या ताईंनी मला 'नाजूक त्वचेची काळजी' असा विषय दिला होता. त्यातलं एकच आज नीट सांगते, कारण ते रोज माझ्या दवाखान्यात येऊन बसतं.

मागच्या उन्हाळ्यात एक मावशी आल्या. पोळीभाजी केंद्रात दिवसभर तव्यासमोर उभ्या असतात. म्हणाल्या, "डॉक्टर, तोंडाची नुसती आग होते. घरचे म्हणतात, दिसत तर काहीच नाही." लांबून मलाही काही दिसलं नाही. आपल्या सावळ्या रंगात लाली लपते. गोऱ्या माणसाचे गाल लालबुंद होतात, आपले नुसते काळपट-तांबूस वाटतात. मी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि गालावर काचेची पट्टी हलकेच दाबली. दाबलेली जागा फिकी पडली, काच उचलताच तांबूसपणा भरून आला. नाकाच्या कडेला केसासारख्या बारीक लाल रेषाही होत्या. तेव्हा आग होते असं कुणी म्हणालं, तर 'दिसत नाही' म्हणून तिला गप्प बसवू नका.

"चेहऱ्याला काय लावता?" "काही नाही." पुन्हा विचारलं, तेव्हा पर्समधून ट्यूब निघाली, खालून गुंडाळत पार झाकणापर्यंत आणलेली. वांग जायला म्हणून शेजारणीनं सांगितलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेली, तीन वर्षं लावलेली. बारीक अक्षरांत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं तिसरं स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि लाली दाबणारं औषध.

स्टेरॉइड लावलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आठवडाभरात चेहरा उजळ, तुकतुकीत दिसतो आणि तिथेच आपण फसतो. महिनोन् महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या रुंदावतात, पुरळ येतं, लव वाढते. ट्यूब थांबवली की आग आणि लाली दुपटीनं उसळते, म्हणून बाई घाबरून पुन्हा तीच लावते. २०११ साली छापून आलेल्या एका पाहणीत आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारींचे २९२६ रुग्ण तपासले होते. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, कित्येक जण नुसतं गोरं दिसायला! २०१८ साली केंद्र सरकारनं अशी चौदा औषधं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं ठरवलं, तरी ट्यूब मिळतेच. याचा मला मनापासून राग येतो. औषध वाईट नाही, योग्य रोगावर, ठरावीक दिवस ते मीही लिहून देते. पण ती रोज लावायची क्रीम नव्हे.

सगळ्यांची आग ट्यूबमुळेच होते असं मात्र नाही. रोझेशिया नावाचा आजार असतो. त्यात ऊन, गरम चहा, तिखट, शेगडीची धग यांनी चेहरा तापतो. त्यावर मेट्रोनिडॅझोल, अझेलिक ॲसिड अशी औषधं आहेत. गालांवरच्या लालीबरोबर सांधे दुखत असतील, ताप येत असेल, तर रक्त तपासायलाच हवं.

घरी काय करायचं? थोडंच. त्वचा मुळात किंचित आम्ल असते आणि अंगाचा साबण अल्कली, म्हणून चेहऱ्याला तो नको. सौम्य, बिनवासाचा फेसवॉश, कोमट पाणी, टॉवेलनं टिपणं. ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर. सकाळी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, ते सहसा झोंबत नाही. लिंबू, टूथपेस्ट, बेसनानं खसाखसा घासणं, पार्लरचं ब्लीच हे सगळं बंद. नवीन काही आणलंत तर आधी आठवडाभर कानामागे लावून बघा.

मावशींची ट्यूब सोडवली, तेव्हा पहिले काही आठवडे त्यांनी फार सोसलं. थंड पाण्याच्या घड्या, पोटातून औषधं, दर आठवड्याला फेरी. पाचव्या महिन्यात त्या म्हणाल्या, "आता तव्यासमोर उभं राहवतं."

आता एक करा. पर्समध्ये चेहऱ्याची ट्यूब असेल तर काढा. लाजू नका, आणि घरी जाऊन एकदम बंदही करू नका. इथं पुढे या, आपण एकेकीच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचू.