बदामची दश्शी, इस्पिकची दश्शी

[पडद्यावर: हिरवं टेबल, मधोमध पाच पानं]

लास व्हेगास, मे २००३. बिनियन्स हॉर्सशू कॅसिनो. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ८३९ जण उतरले होते, आता दोनच उरलेत. एक सॅमी फरहा, मुरलेला व्यावसायिक. दुसरा ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा हिशेबनीस, ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून इथवर पोचलेला.

दोघांच्या हातात दोन-दोन झाकलेली पानं, आणि टेबलावर दोघांची सामाईक पाच: इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, मग इस्पिकची अठ्ठी, आणि शेवटी बदामची तिर्री. फरहाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. म्हणजे नव्व्यांची जोडी, टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाची. पण तीन इस्पिक उघडे पडलेत, हातात आणखी दोन इस्पिक असले की फ्लश होतो, म्हणजे पाचही पानं एकाच रंगाची. त्यामुळे ही जोडी आता मध्यम ताकदीचीच.

मनीमेकर सगळे चिप्स पुढे ढकलतो. तुझा फ्लश हुकला असणार, असं फरहा बोलूनही दाखवतो. आणि पानं टाकून देतो.

मनीमेकरकडे होता इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. जोडीसुद्धा नाही.

[पडद्यावर: दोन खेळाडू, बटन एकाच्या पुढ्यात]

दोघांच्या पोकरला हेड्स-अप म्हणतात. इथे बटनवाला, म्हणजे ज्याच्या पुढ्यात पानं वाटणाऱ्याची खूण असते तो, स्मॉल ब्लाइंड लावतो: पानं बघण्याआधी भरायच्या दोन सक्तीच्या रकमांपैकी लहान. फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांच्या आधी तोच पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी. नऊ जणांच्या टेबलावर मधल्या जोडीला, म्हणजे टेबलावरच्या मधल्या पानाशी जुळलेल्या जोडीला, फारशी किंमत नसते, कारण कुणा ना कुणाकडे मोठं काहीतरी असतंच. इथे समोर एकच माणूस. दोन वेगवेगळी पानं हातात असतील, तर फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगलं काही साधारण तीनदा खेळल्यावर एकदाच लागतं. तीनातल्या दोन वेळा त्याच्याकडेही काही नसतं, आणि आक्रमक खेळाडू नेमका त्याच दोन वेळांवर जगतो.

आता एक डाव सावकाश पाहू. ब्लाइंड ५० आणि १००, दोघांकडे दहा-दहा हजार. बटनवरून समोरचा २५० करतो. आपल्याकडे बदामची दश्शी आणि बदामची नव्वी, आपण कॉल करतो, म्हणजे तेवढेच भरतो. पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, ५००.

फ्लॉप: इस्पिकचा राजा, किलवरची नव्वी, इस्पिकची चव्वी. मधली जोडी. आपण चेक, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देतो. तो १७० लावतो.

इथे पहिली चूक होते. ‘आपण कुठे आहोत ते तरी कळेल’ म्हणून लोक रेझ मारतात, रक्कम ६०० वर नेतात. कळतं, पण फार महागात. राणी-गुलाम घेऊन उगाच बेट लावणारा पळून जातो आणि राजावाला बसून राहतो. ज्यांना आपण हरवत होतो त्यांना आपणच घालवलं, आणि ज्यांच्यापुढे हरत होतो त्यांच्यासाठी पॉट फुगवला. १७० ला नुसतं कॉल केलं तर ८४० च्या पॉटसाठी १७० द्यायचे. वीस टक्के वेळा पुढे असलो तरी पैसे वसूल.

टर्न, म्हणजे चौथं पान: चौकटची दुर्री. चेक. तो ६३० लावतो, पॉटच्या पाऊणपट. आता तीस टक्के लागतात. कॉल. पॉट २१००.

रिव्हर, म्हणजे पाचवं आणि शेवटचं पान: बदामची छक्की. इस्पिकचा फ्लश आला नाही. आपण चेक करतो आणि तो पूर्ण पॉट लावतो, २१००.

[पडद्यावर: पॉट २१००, बेट २१००, कॉल २१००]

६३०० साठी २१०० द्यायचे. एक तृतीयांश. आपली नव्व्यांची जोडी किती मोठी, हा प्रश्न इथे संपला. एवढी बेट तो राजांच्या जोडीपेक्षा हलक्या पानांवर खरेपणाने लावत नाही. म्हणजे त्याच्याकडे एक तर आपल्याहून मोठं आहे किंवा काहीच नाही. आपल्या हातात अठ्ठ्यांची जोडी असती तरी हिशेब जवळपास हाच राहिला असता. अशा पानांना खेळाडू ब्लफ-कॅचर म्हणतात: हातात काही नसताना मारलेली बेट, म्हणजे ब्लफ, तेवढी पकडणारी.

मग मोजायचं, आपल्याला हरवणारी दोन पानं त्याच्या हातात किती तऱ्हांनी असू शकतात. अशा प्रत्येक तऱ्हेला कॉम्बो म्हणतात. एक्का-राजाचे कॉम्बो १२: चार एक्के, उरलेले तीन राजे. राजा-राणी १२. राजा-नव्वी ६. हातातली एक्क्यांची जोडी ६, राजांची ३, नव्व्यांची १, चव्व्यांची ३, दुऱ्यांची ३. बेरीज ४६. राजा-गुलामावर तो रिव्हरला चेक करतो असं धरलंय.

एक तृतीयांशासाठी ४६ च्या निम्मे, म्हणजे २३ ब्लफ त्याच्याकडे हवेत.

हुकलेले इस्पिक पाहू. एक्क्याबरोबर राणी, गुलाम, दश्शी, अठ्ठी, सत्ती, पंजी, तिर्री: सात. एक्क्याविना राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, गुलाम-अठ्ठी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती, सत्ती-पंजी: सात. पंजी-तिर्री मुद्दाम वगळली, छक्की आल्यावर तिचा स्ट्रेट झालाय, म्हणजे दुर्रीपासून छक्कीपर्यंत ओळीने पाच पानं, आणि घाईत मोजणाऱ्यांच्या हातून हे नेहमी निसटतं. एकूण १४.

समोरचा जपून खेळणारा असेल तर यातले निम्मे तो रिव्हरला सोडून देतो. सात ब्लफ, ४६ खरे. तेरा टक्के. पानं टाका, दुसरा विचार नको.

आक्रमक खेळाडू चौदाही मारतो, आणि दोन रंगांचे राणी-गुलाम, ज्यांना दश्शीची आशा होती, तेही सोडत नाही. ते आणखी १२. झाले २६. बहात्तरात सव्वीस, म्हणजे छत्तीस टक्के. कॉल. फायदा बारीक आहे, पण आहे.

[पडद्यावर: बदामची दश्शी उलटते, जागी इस्पिकची दश्शी येते]

आता फक्त एक पान बदलू. बदामच्या दश्शीऐवजी इस्पिकची दश्शी. जोडी तीच, टेबल तेच, समोरचा तोच. पण इस्पिकची दश्शी आपल्याकडे असेल तर त्याच्याकडे नाही. चौदातले चार ब्लफ उडाले. उरले २२, अडुसष्टात बावीस, बत्तीस टक्क्यांच्या जरा वर. लागतात तेहेतीस. पानं टाका. उलट आपली नव्वी दोन्ही वेळा आपल्याच बाजूने काम करते: ती नसती तर राजा-नव्वीचे ६ ऐवजी ९ कॉम्बो असते आणि नव्व्यांच्या जोडीचे १ ऐवजी ३.

फरहाच्या हातातली इस्पिकची राणी अशीच दुधारी होती. तिने राणीचे फ्लश कमी केले, आणि नुसत्या इस्पिकच्या राणीवर मारलेले ब्लफही.

बेटचा आकार वाढला की भाव बदलतो. अर्ध्या पॉटला पंचवीस टक्के, पूर्ण पॉटला तेहेतीस, दुप्पट पॉटला चाळीस. २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत लिब्रेटस नावाच्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांशी हेड्स-अपचे १,२०,००० डाव खेळले, वीस दिवस, आणि साडेसतरा लाख डॉलरहून जास्त किमतीचे चिप्स जिंकले. त्याच्या पॉटहून कितीतरी मोठ्या बेटांनी मधल्या पानांचीच सगळ्यात जास्त कुचंबणा केली.

आपण बटनवर असू तर काम सोपं. मधली जोडी घेऊन फ्लॉप किंवा टर्नला एकदा चेक करायचं. पॉट लहान राहतो आणि तीनऐवजी दोनच बेटांना तोंड द्यावं लागतं. मात्र चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या पंधरापटीवर आले असतील तर हे सगळं बाजूला ठेवा, मधली जोडी घेऊन सरळ सगळे आत घाला.

सगळ्यात महागडी सवय वेगळीच: फ्लॉप कॉल, टर्न कॉल, रिव्हरला दर वेळी फोल्ड, म्हणजे पानं टाकणं. पूर्ण पॉटच्या बेटला आपण निम्म्याहून जास्त वेळा पळत असू, तर त्याच्या कुठल्याही दोन पानांचा ब्लफ नफ्यात जातो. हे त्याच्या दहा मिनिटांत लक्षात येतं.

[पडद्यावर: पुन्हा हॉर्सशूचं टेबल]

स्पर्धेचा शेवटचा डाव. फ्लॉपवर इस्पिकचा गुलाम, इस्पिकची पंजी, किलवरची चव्वी. फरहाकडे गुलाम-दश्शी. पुन्हा टेबलावरच्या मोठ्या पानाची जोडी, आणि या वेळी तो पानं टाकत नाही. सगळे चिप्स फ्लॉपवरच मध्ये जातात. मनीमेकर उघडतो: पंजी आणि चव्वी, म्हणजे दोन जोड्या. रिव्हरला आणखी एक पंजी पडते.