दाह, वर्षे आणि धोका

पडद्यावर दिसते आहे ते मोठ्या आतड्याचे अस्तर. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ दाह होत राहण्याच्या आजाराच्या, या रुग्णाचे पोट आता दुखत नाही, शौचातून रक्त पडत नाही, औषधेही नियमित चालू आहेत. तरीही कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करावी लागते, कारण वर्षानुवर्षांच्या दाहात अस्तर सोलवटते, भरून येते, पुन्हा सोलवटते आणि या सततच्या डागडुजीत पेशींच्या जनुकांमध्ये चुका साठत जाऊन कर्करोगाचा धोका वाढतो.

"मला कर्करोगाचा धोका किती?" या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. स्वीडनमधील ३,११७ रुग्णांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. दाह गुदाशयापुरता असेल, तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १.७ पट आणि संपूर्ण मोठे आतडे व्यापलेले असेल, तर जवळजवळ १५ पट आढळला. पुढे २००१ च्या एका एकत्रित विश्लेषणाने तीस वर्षांनंतरचा धोका १८ टक्के सांगितला. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात नियमित देखरेखीखाली असलेल्या ६०० रुग्णांमध्ये मात्र तो ७.६ टक्केच निघाला. जुना आकडा वाचून धास्तावलेल्या रुग्णाला हा फरक समजावून सांगणे, हे उपचाराइतकेच महत्त्वाचे काम आहे.

वर्षांची मोजणी निदानाच्या तारखेपासून नव्हे, तर लक्षणे सुरू झाल्यापासून करायची असते. आपल्याकडे रक्त पडणे मूळव्याध समजून अंगावर काढले जाते, म्हणून ही बाब आवर्जून विचारायला हवी. देखरेखीची कोलोनोस्कोपी साधारण आठ वर्षांनी सुरू होते. मात्र यकृतातील पित्तनलिकांचा आजार, म्हणजे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, सोबत असेल, तर निदान झाल्यापासूनच दरवर्षी तपासणी करतात. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला आहे का आणि आतड्याचा एखादा भाग आकसला आहे का, हेही पाहिले जाते. क्रोन्सच्या आजारात, म्हणजे आतड्याच्या दाहाच्या दुसऱ्या एका दीर्घकालीन आजारात, मोठ्या आतड्याचा बराच भाग बाधित असेल, तर हाच हिशेब लागू होतो.

आता पाहा, डॉक्टर अस्तरावर निळा रंग फवारत आहेत. रंग बारीक खाचांमध्ये उतरतो आणि क्षणापूर्वी सपाट, गुलाबी वाटलेल्या जागी एक उंचवटा कडेसकट उठून दिसतो. दाहातून उद्भवणारा कर्करोग पुष्कळदा असा सपाटच सुरू होतो. नेहमीच्या पॉलिपसारखा, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या कोंबासारखा, तो सहज नजरेत भरत नाही.

तेथून घेतलेला तुकडा काचपट्टीवर जातो. पेशींमध्ये डिसप्लेसिया, म्हणजे कर्करोगपूर्व बदल, आढळला, तर ती काचपट्टी दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासणाऱ्या तज्ज्ञालाही, दाखवतात, कारण दाहाने बिघडलेली पेशी आणि कर्करोगाच्या वाटेवरची पेशी कित्येकदा सारखीच दिसते.