लंडन ते सिडनी : अंतर एक, वेळा अनेक

(पडद्यावर जगाचा सपाट नकाशा)

हे लंडन. आणि पार खाली उजवीकडे, ते सिडनी. दोन्ही जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती भूमध्य समुद्र आणि अरबी समुद्र ओलांडत तिरकी खाली येते. पण ही रेघ फसवी आहे.

(पृथ्वीगोल)

आता गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा थेट उत्तरेकडे सरकतो! बाल्टिक समुद्र, रशिया, कझाकस्तान, चीन, मग इंडोनेशियाची बेटं. निम्मी वाट संपते ती चीनच्या सिचुआन प्रांताच्या आसपास. लांबी सुमारे 17,000 किलोमीटर. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून फार तर 20,000 किलोमीटरवर असू शकतात. म्हणजे याहून फार लांब जायला जागाच उरत नाही.

1919 साली रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ दोन मेकॅनिकना घेऊन विकर्स व्हिमी विमानातून लंडनहून निघाले. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनला पोचायला त्यांना 28 दिवस लागले. सिडनी तिथूनही खूप दूर! 1947 मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीची नियमित सेवा सुरू झाली, तेव्हा सिंगापूर, कोलकाता, कराची, कैरो असे थांबे घेत हा प्रवास चार दिवसांवर आला.

(धावपट्टीवर बोइंग 747)

मग येतो ऑगस्ट 1989. क्वांटासचं नवं कोरं 747-400 लंडनहून न थांबता सिडनीला न्यायचं ठरलं. अडचण इंधनाची. जास्त इंधन भरावं तर वजन वाढतं, आणि ते वजन वाहायला पुन्हा इंधनच जळतं. म्हणून ना तिकीट काढलेले प्रवासी, ना माल. टाक्यांत खास, जास्त घनतेचं इंधन. एवढंच नाही, तर धावपट्टीपर्यंत विमान स्वतःच्या इंजिनांवर गेलंच नाही, ते ओढत नेलं. थेंब थेंब वाचवायचा म्हणजे किती! 20 तास 9 मिनिटांनी ते सिडनीत उतरलं.

तीस वर्षांनी, 2019 मध्ये, दोन इंजिनांच्या 787 विमानानं चाचणी उड्डाणात हीच मजल मारली. 19 तास 19 मिनिटं. तेही प्रवासी मोजकेच ठेवून.

अर्थात, दोऱ्याच्या रेघेवरून तंतोतंत कुणीच उडत नाही. वारा पाहून वाट वाकवावी लागते. शिवाय 2022 पासून रशियाचं आकाश ब्रिटिश विमानांना बंद आहे, म्हणजे जवळची वाटच गेली.

आणि परतीचा प्रवास? त्याला वेळ जास्त लागतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, जेट स्ट्रीम. सिडनीकडे जाताना ते पाठीशी असतात, येताना तोंडावर.

(दोन घड्याळं शेजारी शेजारी)

घड्याळाचा घोळ तर आणखी वेगळा. जानेवारीत सिडनी लंडनच्या 11 तास पुढे असतं, जूनमध्ये 9. समजा, जानेवारीतल्या सोमवारी रात्री नऊला लंडनहून निघालो आणि 20 तास उडालो. सिडनीत उतरताना बुधवारची पहाट, चार वाजलेले. मंगळवार जवळजवळ गायब! उलट सिडनीहून सोमवारी रात्री नऊला निघून 22 तास उडालो, तर लंडनला मंगळवारी सकाळी आठला हजर. तिकिटावर जाताना 31 तास, येताना अवघे 11.