उशीसारखी दबणारी गाठ

कोलोनोस्कोपीची दुर्बीण मोठ्या आतड्याची वळणे पार करत उंडुकापाशी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागापाशी, पोहोचते, तेव्हा पडद्यावर एक गुळगुळीत, पिवळसर, घुमटासारखा उंचवटा दिसू लागतो. डॉक्टर चिमटा मिटलेलाच ठेवून त्याच्या टोकाने तो उंचवटा हलकेच दाबतात. तिथे खळगा पडतो आणि चिमटा मागे घेताच भरून येतो. उशी दाबल्यावर होते तसेच हे असल्याने या खुणेला उशीचेच नाव मिळाले आहे.

ही चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा. दंडावर किंवा पाठीवर अशी गाठ अनेकांनी पाहिलेली असते. आतड्यात मात्र ती विरळाच, आणि आढळलीच तर बहुधा मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात. आतड्यातील लायपोमाचे पहिले वर्णन १७५७ साली बाउअर यांनी केले, असे वैद्यकीय साहित्यात नोंदवलेले आहे.

बहुतेक लायपोमा आतड्याच्या अस्तराखाली वाढतात आणि निदानातली खरी अडचण तिथेच आहे. बायोप्सीसाठी वरचा तुकडा घेतला, तर अहवालात अनेकदा केवळ निरोगी अस्तर येते आणि रुग्णाची चिंता तशीच राहते. सीटी स्कॅन येथे अधिक उपयोगी ठरतो, कारण त्याच्या मोजपट्टीवर पाण्याची घनता शून्य धरली जाते, तर चरबीची सुमारे उणे शंभर येते, आणि आतड्याच्या कर्करोगाची गाठ सहसा इतकी खाली जात नाही.

दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ सहसा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे निदान पक्के असेल तर ती न काढणे हाच योग्य उपचार ठरतो. तिचे कर्करोगात रूपांतर होत नाही, असेच मानले जाते. मोठी गाठ मात्र पोटात कळा आणते, शौचावाटे रक्त पाडते, आणि क्वचित पुढे ओढली जाऊन आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरवते. तेव्हा मार्ग तुंबतो आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

दुर्बिणीतून तारेचा फास टाकून विजेने गाठ कापता येते, पण चरबी विजेची मंद वाहक असल्याने प्रवाह जास्त वेळ द्यावा लागतो आणि आतड्याच्या भिंतीला भोक पडण्याचा धोका वाढतो. म्हणून काही डॉक्टर देठ असलेल्या गाठीच्या मुळाशी नायलॉनचा फास आवळून ती तशीच सोडून देतात. रक्तपुरवठा तुटल्याने ती काही दिवसांत आपोआप गळून पडते. या सोप्या उपायात एक उणीव राहते, ती म्हणजे तपासायला गाठच हाती लागत नाही.

शस्त्रक्रियेने काढलेली गाठ प्रयोगशाळेत चिरली, की आत एकसारखी पिवळी चरबी दिसते. वरच्या अस्तरावर कधी व्रण, म्हणजे उघडी जखम, असतो, आणि दुर्बिणीतून पाहताना अशा व्रणामुळे कर्करोगाचा संशय येऊ शकतो. तपासणीसाठी वापरलेल्या रसायनांत चरबी विरघळून जाते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली उरतात त्या फक्त पेशींच्या रिकाम्या, गोलसर चौकटी.